चिंगीच्या पायाचे १८,५०० रुपये

आकडा आधीच सांगते, म्हणजे कुणाला विचारावं लागणार नाही. कुत्र्यांच्या शेल्टरच्या नावाने झालेल्या फसवणुकीत माझे स्वतःचे ७४,००० रुपये गेले. माझ्या शब्दावर आमच्या सोसायटीतल्या अकरा घरांनी दिलेले ४१,३०० गेले. पहिल्या आकड्याचा संताप येतो, दुसऱ्याची लाज वाटते. पार्किंगमध्ये कुणी भेटलं की मान वर होत नाही.

शहराबाहेर, हायवेपासून थोडं आत, भाड्याच्या जागेत भटक्या कुत्र्यांचं शेल्टर होतं. हिरवी जाळी, पत्र्याची जुनी शेड. चालवणाऱ्याला सगळे दादा म्हणायचे, तो मला ताई. फोनवर फोटो बघून डोळे झाकून पैसे टाकणारी मी नव्हे. सात महिने दर रविवारी सकाळी तिथे जात होते. भात आणि कोंबडीचे पाय शिजवून वाढलेत, फिनेल टाकून जागा धुतली, गोचिड काढलेत, किडे पडलेल्या जखमांवर स्प्रे मारलाय. कुत्री खरी होती, त्यांची भूक खरी होती. "बघून द्यायचं ना" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, मी बघतच होते.

खाण्याचे दरमहा २,५००, म्हणजे सात महिन्यांचे १७,५००. पार्व्हो, म्हणजे पिल्लांचा जीवघेणा आजार, पसरतोय म्हणून पिल्लांच्या सेव्हन-इन-वन लसींचे ६,०००. पावसाळ्याआधी नव्या शेडसाठी ३२,०००. आणि चिंगीच्या पायाचे १८,५००.

चिंगी तांबूस रंगाची, एक कान पडलेला, दोनेक वर्षांची. गाडीखाली मागचा पाय सापडला. दादाने रात्री साडेदहाला एक्स-रे आणि हॉस्पिटलचं बिल पाठवलं. प्लेट टाकावी लागेल, सकाळी ऑपरेशन आहे, पैसे आगाऊ हवेत. दहा मिनिटांत पाठवले. असे मेसेज रात्रीच का येतात हे आता कळतं: त्या वेळी दवाखान्यात फोन उचलायला कुणी नसतं. सकाळपर्यंत थांबा. आणि पैसे द्यायचेच तर थेट दवाखान्याच्या खात्यात द्या, मध्ये कुणालाही घेऊ नका.

पुढच्या रविवारी गेले तर चिंगीच्या पायाची पट्टी घसरून खाली आली होती. मी ती नीट करायला बसले. पट्टीखाली केस होते. मातीने चिकटलेले, लांब, मांडीपर्यंत सलग. ऑपरेशनआधी त्या जागेचे केस काढतात, हे मला पक्कं माहीत आहे. आमच्या आधीच्या कुत्रीची नसबंदी केली तेव्हा कितीतरी दिवस तिचं पोट उघडं दिसायचं. सलाईन लावायला पुढच्या पायावरचे केस काढतात, तेही जसेच्या तसे होते. टाका नाही, व्रण नाही. माझी बोटं त्या केसांत होती. मी विचारलं, तर म्हणाला, "ताई, दुर्बिणीतून केलं, आता तसंच करतात." मी "हो का" म्हणाले आणि पट्टी घट्ट बांधून दिली.

ती पट्टी मी माझ्या हाताने बांधली. तेव्हाच उठले असते तर शेडचे ३२,००० वाचले असते आणि सोसायटीचे सगळे पैसे वाचले असते, कारण ते दोन्ही त्यानंतरचं आहे. पण दिवसरात्र कुत्र्यांच्या घाणीत उभा राहणारा माणूस अशा गोष्टीत खोटं बोलेल हे मनातच आलं नाही. तुमच्याही आलं नसतं.

उघडकीला आलं ते मामेबहिणीमुळे. ती दुसऱ्या शहरात राहते. तिच्या ग्रुपवर तोच एक्स-रे, तीच चिंगी, नाव राणी आणि मागणी २४,००० ची. बिलाचा नंबरही तोच. बिलावरच्या दवाखान्यात फोन केला तर डॉक्टर म्हणाल्या, अशी कुत्री आमच्याकडे आलेलीच नाही. मी त्याला जाब विचारला आणि दोन दिवसांत फोन बंद. जागामालकाचं चार महिन्यांचं भाडं थकलेलं, आत २३ कुत्री उपाशी.

यूपीआयवर संस्थेचं नाव नसून त्याचं स्वतःचं नाव दिसायचं, हेही मी रोज बघत होते. पावतीवर "८०जी लागू", म्हणजे देणगीवर आयकरात सवलत, असं छापलेलं होतं, पण ना पॅन, ना नोंदणी क्रमांक. अशी सवलत देणारी खरी संस्था देणगीचं प्रमाणपत्र देते. मागा. टाळाटाळ केली की तिथेच थांबा.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात म्हणाले, "तुम्ही स्वखुशीने दान दिलंत, त्यात फसवणूक कसली?" खोटं बिल दाखवून घेतलेले पैसे दान कसे होतील? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे. मला सायबरकडे पाठवलं. तिथे म्हणाले, माणूस तुमच्या ओळखीचा, हे आमचं काम नाही, ठाण्यात जा. तीन अर्ध्या रजा यातच गेल्या. धर्मादाय कार्यालयात सांगितलं, संस्था नोंदलेलीच नाही, मग कारवाई कुणावर करायची? अहो, नोंदणी नसताना लोकांकडून पैसे गोळा करतो, हीच तर माझी तक्रार! महापालिका म्हणाली, जागा हद्दीबाहेर आहे. ग्रामपंचायत म्हणाली, कुत्री शहरातली आहेत, शहराने न्यावीत. प्रत्येकाने दुसऱ्याचं दार दाखवलं, आणि तोवर रोज दोन पातेली भात आम्ही चौघीजणी शिजवत होतो.

गुन्हा नोंदवत नसतील तर लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना पाठवा, कायद्यात तशी सोय आहे. मी पाठवली आहे, पोच जपून ठेवली आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा. मी आठवडे घालवले, तोवर खात्यात काही उरलं नव्हतं.

कुत्र्यांना घरं शोधायला तीन आठवडे लागले. चिंगी माझ्याकडे आहे. ९०० रुपये भरून मी तिचा पहिला खरा एक्स-रे काढला. प्लेट नाही, स्क्रू नाही. हाड खरंच मोडलं होतं, ते आपलंआपण वाकडं जुळून आलंय. डॉक्टर म्हणाले, वेळेत ऑपरेशन झालं असतं तर पाय सरळ राहिला असता. जिना चढताना ती तो पाय पोटाशी धरते. दुसऱ्या मजल्यापर्यंत येते, मग बसते. तिथून वर मी तिला उचलून नेते.