व्यसनमुक्तीच्या मोफत सल्ल्यामागचा दलाल

माझ्या धाकट्या भावाच्या दारूवर उपचार शोधताना आमच्या कुटुंबाची फसवणूक झाली. ती ज्या पद्धतीने झाली, त्याच पद्धतीने खेड्यांतली इतर कुटुंबेही गाठली जात असल्याचे पुढे कळले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

खेड्यात व्यसनावर उपचार शोधणारा माणूस दोन्हीकडून अडलेला असतो. तज्ज्ञ डॉक्टर दूर असतात, आणि जवळच्या दवाखान्यात जावे तर बाकावर बसलेले निम्मे लोक ओळखीचे निघतात. इंटरनेटवर सापडलेल्या ‘मोफत व्यसनमुक्ती सल्ला’ क्रमांकावर मी फोन केला, तेव्हा पलीकडच्या गृहस्थाने नेमके याच दुखण्यावर बोट ठेवले. “ताई, गाडी रात्री येईल, गावात कोणाला काही कळणार नाही,” असे तो म्हणाला. तो स्वतःला समुपदेशक म्हणवत होता. प्रत्यक्षात तो दलाल होता आणि पाठवलेल्या प्रत्येक रुग्णामागे केंद्राकडून कमिशन घेत होता, हे आम्हाला तिथल्याच एका माजी कर्मचाऱ्याकडून समजले.

भाऊ रोज किती पितो, शेवटची दारू कधी घेतली, पूर्वी कधी फिट आली होती का, यकृताचा किंवा दुसरा काही आजार आहे का, यांपैकी एकही प्रश्न त्याने विचारला नाही. घरात निर्णय कोण घेते आणि उद्यापर्यंत किती रक्कम उभी होईल, एवढेच त्याला हवे होते. फोनवरच्या माणसाची पारख करायची असेल तर तो आधी काय विचारतो याकडे लक्ष द्यावे, असे मी आता प्रत्येकाला सांगते. ‘एकच जागा शिल्लक आहे’ आणि ‘शंभर टक्के खात्री’ ही दोन वाक्ये ऐकू आली, तर फोन तिथेच ठेवून द्यावा. व्यसन हा पुन्हा पुन्हा उलटू शकणारा आजार आहे आणि कोणताही प्रामाणिक डॉक्टर त्याच्या बाबतीत खात्री देत नाही.

केंद्राने पूर्ण रक्कम आगाऊ घेतली. पावतीवर शिक्का ठसठशीत होता, परंतु डॉक्टरांचे नाव किंवा नोंदणी क्रमांक कुठेही नव्हता. गोळ्या बिननावाच्या कागदी पुड्यांतून दिल्या जात होत्या. पहिला महिनाभर भेट नाही आणि फोनही नाही, हा उपचाराचाच भाग असल्याचे आम्हाला सांगण्यात आले.

वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी तोडणे जिवावर बेतू शकते, ही गोष्ट फार थोड्या कुटुंबांना ठाऊक असते. शेवटच्या घोटानंतर साधारण 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना तीव्र कंप, ताप, भास आणि भ्रम सुरू होतात. या अवस्थेला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि तिच्यावर रुग्णालयातच उपचार व्हावे लागतात. भावाच्या बाबतीत हेच घडले. केंद्राने मात्र “तुमचा माणूस हिंसक झाला आहे, सांभाळायला वेगळा माणूस लागेल, जादा पैसे पाठवा” असा फोन केला. वडील हट्टाने तिथे पोहोचले, तेव्हा भावाचे दोन्ही हात खाटेला बांधलेले होते आणि तो भिंतीवरून किडे झटकायला सांगत होता. रुग्णालयात त्याला डायझेपाम या शांत करणाऱ्या औषधाची मात्रा हळूहळू कमी करत देण्यात आली, थायमिनची म्हणजे ब-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शने देण्यात आली, आणि तो वाचला.

पैसे परत मागितल्यावर त्याच दलालाने, त्याऐवजी जेवणातून नकळत द्यायची पूड पाठवतो, असे सुचवले. अशी पूड कोणीही घेऊ नये. तिच्यात डायसल्फिराम असू शकते. दारूवरच्या उपचारात 1948 पासून वापरात असलेले हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच द्यायचे असते. ते पोटात असताना दारू घेतली तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो आणि मृत्यूही ओढवू शकतो. शेवटच्या मात्रेनंतरही हा धोका सुमारे 2 आठवडे टिकतो.

खरी मदत आम्हाला मिळाली ती ज्या दवाखान्यात जायला आम्ही लाजत होतो तिथेच. तिथल्या सामान्य डॉक्टरांनी जागतिक आरोग्य संघटनेची दारूची सवय किती घातक आहे हे तपासणारी, 10 प्रश्नांची ‘ऑडिट’ नावाची प्रश्नावली भावाकडून शांतपणे भरून घेतली, घरी राहून उपचार कितपत सुरक्षित आहे हे तपासले आणि दूरच्या मनोविकारतज्ज्ञांशी फोनवर बोलून दारूची ओढ कमी करणारे नाल्ट्रेक्सोन हे औषध सुरू केले. अशा सामान्य डॉक्टरांना व आरोग्यसेवकांना हे काम करता यावे, यासाठीच त्या संघटनेने 2008 मध्ये एमएचगॅप हा कार्यक्रम सुरू केला आहे. दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस 1935 पासून आणि कुटुंबीयांसाठीची अल-अॅनॉन 1951 पासून सभा घेत आली आहे. तिथे शुल्क नसते, आणि अनेक सभा फोनवर किंवा ऑनलाइन होत असल्याने अंतराची अडचणही कमी होते. माझी आई अशा सभेत पहिल्यांदा मोकळेपणाने बोलली.

आमची रक्कम अजून परत मिळालेली नाही. तक्रार मात्र दाखल करून घेतली गेली, ती पावती, पैसे पाठवल्याच्या नोंदी, फोन केल्याच्या वेळा आणि त्या बिननावाच्या पुड्या वडिलांनी जपून ठेवल्यामुळे. जे कोणी आज अशा केंद्राशी व्यवहार करत आहेत, त्यांनी यांतला एकही कागद टाकू नये.