आइसबॉक्समधले कोळी : मॅक्रो छायाचित्रणाच्या एका कार्यशाळेतील फसवणूक

पावसाळा जवळ आला की मॅक्रो छायाचित्रणाच्या, म्हणजे कीटक आणि कोळी यांसारख्या इवल्या जीवांची अगदी जवळून मोठी चित्रे काढण्याच्या, सशुल्क कार्यशाळांच्या जाहिराती समाजमाध्यमांवर दिसू लागतात. त्यांतल्या बऱ्याच प्रामाणिकपणे चालवल्या जातात आणि असे काम करणाऱ्या मंडळींकडून मी पुष्कळ शिकलो आहे, हे आधीच नमूद करतो. परंतु गेल्या पावसाळ्यात आंबोलीला झालेल्या एका कार्यशाळेत 'जंगलात सापडलेले' म्हणून आम्हाला जे जीव दाखवण्यात आले, ते आधीच पकडून, आइसबॉक्समध्ये गारठवून आणि नंतर शेवाळलेल्या काटक्यांवर मांडून ठेवलेले होते. त्यातला एक तर आंबोलीच्या रानातलाही नव्हता. आयोजकांचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण एक तर तक्रार अजून प्रलंबित आहे आणि दुसरे म्हणजे अशी मंडळी नाव बदलून पुन्हा उभी राहू शकतात. पद्धत मात्र तीच राहते, म्हणून ती तपशिलाने सांगतो.

जाहिरातीत दोन रात्रींचा मुक्काम, जेवण आणि मार्गदर्शन यांसाठी माणशी ८,५०० रुपये शुल्क होते. खाली 'हमखास दिसणाऱ्या' जीवांची यादी होती आणि 'सर्व छायाचित्रे शंभर टक्के नैसर्गिक अधिवासात' अशी ठळक ओळ होती. आंबोलीचे नाव पुढे केले की गिऱ्हाईक मिळायला वेळ लागत नाही. सावंतवाडी तालुक्यातले, सह्याद्रीच्या ऐन धारेवर सुमारे ७०० मीटर उंचीवर वसलेले हे गाव महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे. २००९ साली नवी प्रजाती म्हणून जगापुढे आलेला आंबोली टोड हा बेडूक इथलाच. पावसाच्या रात्री नुसत्या रस्त्याकडेच्या झुडपांवर टॉर्च फिरवला तरी बेडूक, गोगलगायी, रातकिडे, कोळी असे काही ना काही दिसतेच. अशा ठिकाणी कोणाला लबाडी करावीशी वाटेल, असे मनात येणे कठीण आहे.

लबाडीचे कारण या छायाचित्रणाच्या तंत्रातच दडलेले आहे. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर मॅक्रो लेन्सने एकास एक मोठेपणा घेतला, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा जिवाच्या खऱ्या आकाराएवढी ठेवली, आणि ॲपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र) एफ ८ वर ठेवले, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो आणि मोठेपणा दुप्पट केला की तो त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर येतो. कोळ्याचे डोळे स्पष्ट आले तर पाय धूसर होतात आणि पाय स्पष्ट आले तर पोट हरवते. त्यावर उपाय म्हणून फोकस किंचित पुढे सरकवत एकामागून एक छायाचित्रे काढून ती संगणकावर एकत्र जोडतात, ज्याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. त्यासाठी समोरचा जीव काही काळ अगदी निश्चल राहावा लागतो. संयमी छायाचित्रकार पहाटे लवकर उठतात, कारण रात्रभराच्या गारव्याने मंदावलेले कीटक ऊन चढेपर्यंत फारसे हलत नाहीत. ज्याला पैसे भरलेल्या घोळक्याला ठरलेल्या तासात चांगली छायाचित्रे मिळवून द्यायची आहेत, त्याला मात्र ती पहाट आइसबॉक्समध्ये तयार करता येते. कीटक आणि कोळी यांच्या शरीराचे तापमान भोवतालावर अवलंबून असल्यामुळे थंडी लागली की त्यांच्या हालचाली जवळजवळ थांबतात.

पहिल्या रात्री जेवणानंतर एक सहायक 'पाहणी करायला' पुढे गेला आणि आम्हाला मुक्कामाच्या जागी फ्लॅशवर पांढरे कापड कसे लावावे, शटर किती ठेवावे याचे व्याख्यान देण्यात आले. व्याख्यान चांगले होते, हे मान्य केले पाहिजे. दहाच्या सुमारास आम्हाला वाटेने नेण्यात आले. थोड्या थोड्या अंतरावर, कमरेच्या उंचीवर, मागे कोणताही अडथळा नसलेल्या काटकीवर एकेक जीव बसलेला होता आणि शेजारी सहायक टॉर्च घेऊन उभा. प्रत्येकाला काही मिनिटे मिळत. वेळ संपला की मागे वळायचे नाही, काटकीला हात लावायचा नाही, इतर झुडपांवर टॉर्च मारायचा नाही, कारण 'जीवांना त्रास होतो'. हा नियम मला त्या वेळी फार आवडला होता. निसर्गाविषयीच्या आस्थेचा असा पडदा म्हणून वापर होईल, ही कल्पना करणेही अवघड आहे, आणि संपूर्ण प्रकरणात मला सर्वांत जास्त चीड याच गोष्टीची येते.

शंकेचे पहिले कारण ठरला एक मँटिस (प्रार्थना कीटक). वाळक्या पानाच्या रंगाचा, लांब काडीसारख्या मानेचा आणि पायांवर पानांसारखे पंखे असलेला तो जीव आमच्यापैकी कोणी पूर्वी पाहिला नव्हता. घरी परतल्यावर मी त्याचे छायाचित्र, ठिकाण आणि वेळ यांसह, आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकले. ओळख पटवून देणाऱ्या एका अभ्यासकाने तो व्हायोलिन मँटिस असल्याचे लगेच सांगितले आणि त्यासोबत, हा उष्ण, कोरड्या, झुडपी प्रदेशातला प्राणी ऐन पावसात शेवाळाच्या काटकीवर कसा, अशी सौम्य पण नेमकी विचारणा केली. दक्षिण भारत आणि श्रीलंका ही त्याची मुख्य भूमी, आणि विलक्षण रूपामुळे जगभर हौशी लोक तो घरात पाळतात, म्हणजे तो विकतही मिळतो. कार्यशाळेच्या वाटेवर आमच्यासोबत आलेल्या, त्याच परिसरात वाढलेल्या एका तरुणाला मी फोनवर ते छायाचित्र पाठवले, तेव्हा तो म्हणाला, "ह्यो किडो मिया आमच्या रानात कधी बघूक नाय."

त्यानंतर मी बाकीची छायाचित्रे नव्या नजरेने पाहिली. एक जंपिंग स्पायडर रात्री साडेदहाला उघड्या काटकीवर बसला होता. हे कोळी तीक्ष्ण दृष्टीच्या बळावर दिवसा शिकार करतात आणि रात्री सहसा पानाच्या सुरळीत किंवा सालीच्या फटीत रेशमाची छोटी खोली विणून तिच्यात विसावतात. शिवाय त्यांच्या पुढच्या दोन मोठ्या डोळ्यांची भिंगे स्थिर असली तरी आतला पडदा हलतो, त्यामुळे जिवंत, सावध कोळ्याच्या लागोपाठच्या चित्रांत डोळ्यांची छटा कधी गडद, कधी फिकी अशी बदलताना दिसते. माझ्या स्टॅकमधल्या पहिल्यापासून शेवटच्या चित्रापर्यंत ती तसूभरही बदलली नव्हती. जिवंत जंपिंग स्पायडरसमोर भिंग नेले की तो तुमच्याकडे तोंड वळवून पाहतो, मागे सरकतो किंवा सरळ लेन्सवर उडी मारतो. हा मात्र फ्लॅशच्या भडिमारात दगडासारखा बसून होता.

सिग्नेचर स्पायडरची गोष्ट याहून वाईट. नागमोडी रेशमी पट्टी विणलेल्या जाळ्याच्या मध्यभागी, डोके खाली करून आणि पाय दोन-दोन जोडून फुलीसारखे पसरून बसणे ही या कोळ्याची ओळख. आम्हाला दाखवलेला कोळी जाळ्याशिवाय एका रानफुलावर होता आणि त्याचे मागचे पाय आत वळलेले होते. कोळ्यांच्या पायांतल्या मुख्य सांध्यांना पाय सरळ करणारे स्नायूच नसतात. शरीरातल्या द्रवाच्या दाबाने पाय ताठ होतात आणि जीव गेला किंवा जाऊ लागला की दाब उतरून ते पोटाशी मिटतात. आम्ही ज्याला 'शांत बसलेला' समजत होतो, तो कोळी बहुधा मरणाच्या वाटेवर होता किंवा मेलेलाच होता.

पाण्याच्या थेंबांनीही साक्ष दिली. अनेक जीवांच्या डोळ्यांवर आणि केसांवर अत्यंत बारीक, एकसारखे थेंब जमले होते आणि छायाचित्रांत ते फार सुंदर दिसत होते. पण ते फक्त त्या जीवांवरच होते. शेजारच्या पानावर पावसाचे मोठे, ओबडधोबड ओघळ होते. धुके असते तर ते पानावरही तसेच बसले असते. ढगाळ आकाशाखाली, झाडीच्या आत दव असे पडत नाही. थंडगार वस्तू एकाएकी दमट हवेत आणली की तिच्यावर वाफ धरते, फ्रीजमधून काढलेल्या पाण्याच्या बाटलीवर धरते तशीच, एवढा सरळ तो प्रकार होता.

मग आम्ही सहभागी मंडळींनी आपापली छायाचित्रे एकत्र करून वेळेनुसार लावली, आणि जे एकट्याला दिसणे शक्य नव्हते ते सर्वांना दिसले. डाव्या बाजूला पांढरट दगडफुलाचा ठिपका असलेली एकच शेवाळी काटकी दोन वेगवेगळ्या जागी, दोन वेगवेगळ्या जिवांखाली होती. दुसऱ्या रात्री तीच काटकी तिसऱ्या जिवाखाली आली. गटातल्या एका ताईंना आठवले की पहिल्या संध्याकाळी त्या गाडीत विसरलेली बॅटरी आणायला गेल्या, तेव्हा मागच्या सीटखाली आइसबॉक्स होता आणि त्यात खाऊच्या डब्यांऐवजी झाकणाला भोके पाडलेल्या छोट्या डब्या होत्या. त्यांनी विचारले तेव्हा सहायकाने "मासेमारीचे आमिष आहे" असे उत्तर दिले होते.

ही सर्व माहिती आम्ही आयोजकांपुढे ठेवली. आधी त्यांनी साफ इन्कार केला, नंतर "अहो, सगळेच असे करतात, तुम्हाला फोटो मिळाले ना?" असे म्हणाले आणि शेवटी निसर्गाबद्दल आम्हाला काही कळत नाही असा सूर लावला. मधला युक्तिवाद अनेकांना पटू शकतो, म्हणून त्याविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे. कीटकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मोजमापासाठी कीटक थोडा वेळ थंड करतात. पाळलेले कीटक टेबलावर मांडून त्यांची चित्रे काढण्याची सत्रेही कोणी उघडपणे घेऊ शकतो. ज्याला ते रुचते त्याने तसे शुल्क भरावे. प्रश्न हा आहे की आमच्याकडून पैसे रानातल्या भेटीचे घेतले गेले आणि हाती आला तो मांडलेला देखावा. त्या देखाव्याच्या जोरावर आयोजक आम्हाला ही छायाचित्रे स्पर्धांना पाठवण्याचाही आग्रह करत होते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या विख्यात वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २०१७ साली पारितोषिक मिळालेले मुंगीखाऊचे चित्र, त्यातला प्राणी पेंढा भरलेला असल्याचा निष्कर्ष निघाल्यावर, २०१८ मध्ये बाद करण्यात आले होते. आमच्यापैकी कोणी ही चित्रे पाठवली असती, तर बाद होणारे नाव आयोजकांचे नव्हे, त्या छायाचित्रकाराचे ठरले असते. दुसरे नुकसान नोंदींचे. आंबोलीत व्हायोलिन मँटिस आढळल्याची खोटी नोंद उद्या कोणा अभ्यासकाच्या नकाशावर एक ठिपका होऊन बसली असती. मी ती नोंद पाळीव प्राण्याची म्हणून बदलून घेतली, आणि इतरांनीही तसेच केले.

अशा कार्यशाळेला पैसे भरण्यापूर्वी काही गोष्टी विचारून उत्तर लेखी घ्यावे. जीव शोधताना सहभागी लोक सोबत असतील का, की आधी कोणी पुढे जाईल? कोणताही जीव पकडला, हलवला किंवा थंड केला जाईल का? रात्रीच्या फेरीची जागा कोणाची आहे आणि वन विभागाची परवानगी लागत असल्यास ती घेतली आहे का? 'हमखास' हा शब्द दिसला तर तेथेच सावध व्हावे, कारण पावसाळी रानात कोणत्या रात्री कोणता कोळी दिसेल हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. माझ्या अनुभवात चांगले मार्गदर्शक उलट आधीच बजावतात की एखाद्या रात्री हाती काहीच लागणार नाही. प्रत्यक्ष फेरीत प्रत्येक जीव सोयीच्या उंचीवर आणि मोकळ्या पार्श्वभूमीवर मिळत असेल, तर आपल्या मुख्य चित्रांखेरीज काटकीचे, आसपासच्या झुडपाचे आणि वाटेचे साधे मोबाइल छायाचित्रही काढून ठेवावे. आमच्या प्रकरणात अशाच दुय्यम चित्रांनी मोठे काम केले.

तक्रारीची वाट अशी. आम्ही प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. त्यानंतर आयोजकांकडून निम्मे शुल्क परत करण्याचा प्रस्ताव आला, पण त्याची अट ही होती की कोणी याविषयी जाहीरपणे काही लिहू नये. काहींनी तो स्वीकारला, आणि त्यांना दोष देण्याचे कारण नाही, कारण नोकरी-व्यवसाय सांभाळून असे प्रकरण लढवणे सोपे नसते. ज्यांनी स्वीकारला नाही त्या आम्ही उरलेल्यांनी जिल्हा ग्राहक आयोगाकडे धाव घेतली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आयोजकांच्या गावी जावे लागत नाही. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाचे शुल्क लागत नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. आम्ही जाहिरातीची चित्रप्रत, शुल्क भरल्याच्या पावत्या, गटातले सर्व संदेश आणि कॅमेऱ्यातल्या मूळ रॉ फाइल्स, म्हणजे कोणतीही प्रक्रिया न केलेली चित्रे, जोडल्या आहेत. त्या फाइल्समध्ये चित्र काढल्याची वेळ नोंदलेली असते. संदेशातून पाठवताना आकार घटवलेल्या प्रतींतून ही नोंद सहसा पुसली जाते, त्यामुळे मेमरी कार्ड रिकामे करण्याची घाई करू नये. सुनावणीची तारीख अद्याप मिळालेली नाही.