बोर्ड कपाटात, बूटलोडर क्यूएमूत: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिन्यांपूर्वी माझ्याकडचा शेवटचा चालू बोर्ड मी माझ्याच हाताने मारला. फ्लॅशमध्ये चुकीच्या ऑफसेटवर बूटलोडर (पॉवर दिल्यावर आधी चालून ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल उठवणारा प्रोग्राम) लिहिला, रिसेट दाबला आणि कन्सोल जो गप्प झाला तो झालाच. मेलेल्या बोर्डात शिरायला लागणारा जेटॅगचा प्रोब दुसऱ्या टीमकडे, नवे बोर्ड यायला तीन आठवडे. तेवढे दिवस हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा बरं म्हणून क्यूएमूवर, म्हणजे अख्ख्या मशीनची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरवर, यू-बूट हा आमचा बूटलोडर चढवला. बोर्ड आले, पण क्यूएमू सुटलं नाही. सध्या माझं बूटलोडरचं बहुतेक काम तिथेच होतं आणि बोर्ड शेवटच्या फेरीपुरता कपाटातून बाहेर येतो.

आधीची पद्धत सांगतो, म्हणजे फरक कळेल. एक ओळ बदलायची, बिल्ड करायचं, एसडी कार्ड काढून लॅपटॉपला लावायचं, त्यावर लिहायचं, परत बोर्डात घालायचं, पॉवर द्यायची. चार मिनिटं गेली. आता बिल्ड संपलं की काही सेकंदांत प्रॉम्प्ट समोर. वेळ वाचतो हे खरं, पण माझी काम करायची सवयच बदलली. चार मिनिटं जाणार असतील तर माणूस पाच बदल एकदम करतो आणि बिघडलं की त्यातला कुठला नडला ते शोधत बसतो. आता मी एकेक बदल करून बघतो.

सुरुवात अजिबात सोपी गेली नाही. पहिल्याच दिवशी बाहेर कसं पडायचं तेच कळेना. ग्राफिक्सशिवाय चालवलं की कंट्रोल-सी आतल्या यू-बूटकडे जातो, क्यूएमू ढिम्म. मी चक्क दुसऱ्या टर्मिनलवरून प्रोसेस मारत होतो. कंट्रोल-ए दाबून मग एक्स, हे दोन दिवसांनी कळलं. एक्सऐवजी सी दाबला की मॉनिटर, म्हणजे क्यूएमूचा स्वतःचा कमांड प्रॉम्प्ट, उघडतो. तो आधी कळला असता तर बरेच तास वाचले असते, कारण कुठल्या पत्त्यावर कुठलं उपकरण बसलंय त्याचा सगळा नकाशा तिथे एका कमांडमध्ये छापून मिळतो.

मी आर्मच्या ६४ बिटवाल्या 'व्हर्ट' मशीनवर काम करतो. हे कुठल्याही खऱ्या बोर्डाची नक्कल नाही, एम्युलेटरसाठीच रचलेलं मशीन आहे. पत्ता शून्यापासून फ्लॅश, ६४ एमबीचे दोन तुकडे. रॅम हेक्समध्ये ४००००००० पासून, वेगळं सांगितलं नाही तर १२८ एमबी. आणि रॅमच्या अगदी सुरुवातीला क्यूएमू स्वतः बनवलेला डिव्हाइस ट्री, म्हणजे मशीनमधल्या उपकरणांची कर्नलला द्यायची यादी, ठेवून देतं. इथेच माझा पहिला दिवस बुडाला. जुन्या सवयीने मी कर्नल रॅमच्या पहिल्या पत्त्यावर उतरवला, म्हणजे डिव्हाइस ट्रीच्या डोक्यावर, आणि मग कर्नलला द्यायला डिव्हाइस ट्री सापडेना. यू-बूटच्या तयार कॉन्फिगमध्ये कर्नलचा पत्ता ४ एमबी पुढे, ४०४००००० असा ठेवलेला असतो. तो तसा का, हे फोडून बघायच्या आधी विचारायला हवं होतं.

दुसरी अडचण फ्लॅशच्या फाइलची. तुमचा बूटलोडर एक एमबीचा असला तरी पॅरलल फ्लॅश म्हणून दिलेली फाइल बरोब्बर ६४ एमबीची लागते, नाहीतर ६,७१,०८,८६४ बाइट्स हवेत म्हणून क्यूएमू सुरूच होत नाही. फाइल ताणून तेवढी करायची, विषय संपला. नुसत्या बायोस पर्यायाने चालवलं तर ही कटकट नाही.

तिसरी गोष्ट मात्र महिनाभर लक्षातच आली नाही. व्हर्ट मशीन साधं चालवलं की प्रोसेसर ईएल१ या अधिकार-पातळीवर सुरू होतो (आकडा जितका मोठा तितके अधिकार जास्त). आमच्या बोर्डावर ट्रस्टेड फर्मवेअर आधी चालतं आणि यू-बूट ईएल२ वर उतरतो. म्हणजे ईएल२ साठी लिहिलेला माझा कोड महिनाभर एकदाही चालला नव्हता आणि मी 'टेस्ट पास' म्हणून खुशीत होतो. व्हर्च्युअलायझेशन चालू केलं की ईएल२ मिळतो, सिक्युअर चालू केलं की थेट ईएल३. आता मी बूटच्या टप्प्यांची पूर्ण साखळीच चालवतो: बीएल१, बीएल२, बीएल३१ आणि शेवटी बीएल३३ म्हणून यू-बूट. बीएल१ फ्लॅशच्या सुरुवातीला आणि बाकीचे टप्पे एकत्र बांधलेलं एफआयपी पॅकेज २५६ केबीच्या ऑफसेटवर. यातला खड्डाही सांगून ठेवतो. यू-बूट नव्याने बिल्ड केला आणि एफआयपी परत बांधायला विसरलात, तर जुनाच यू-बूट बिनतक्रार चालतो. मी अर्धा दिवस एक बग 'दुरुस्त' करत होतो, जो सकाळीच दुरुस्त झालेला होता. तेव्हापासून कन्सोलवर पहिल्या ओळीत बिल्डची तारीख आणि वेळ वाचल्याशिवाय पुढचं काही बघत नाही.

आता ज्यासाठी हे सगळं सोसलं ते. डीबगर. लहान एस आणि मोठा एस असे दोन पर्याय दिले की मशीन पहिल्या इन्स्ट्रक्शनच्याही आधी थांबतं आणि १२३४ पोर्टवर जीडीबी या डीबगरची वाट बघतं. केबल नाही, प्रोब नाही, लायसन्स नाही. खऱ्या कॉर्टेक्स-ए५३ वर हार्डवेअर ब्रेकपॉइंट (कोड जिथे थांबवायचा त्या खुणा) सहाच मिळतात, आणि फ्लॅशमधून चालणाऱ्या कोडला तेच पुरवून पुरवून वापरावे लागतात. इथे हवे तेवढे लावा.

एकच मेख आहे, आणि यू-बूटवर नव्याने येणारा प्रत्येक जण तिच्यावर ठेचकाळतो. यू-बूट अर्ध्या वाटेत स्वतःला उचलून रॅमच्या वरच्या टोकाला नेऊन बसवतो. त्यानंतर जीडीबीकडचे पत्ते आणि चालणारा कोड यांचा मेळ राहत नाही. ब्रेकपॉइंट लावलेले दिसतात, पण कोड तिथे कधीच थांबत नाही. प्रॉम्प्टवर बीडीइन्फो ही कमांड दिली की नवा पत्ता छापून येतो. त्या पत्त्यावर सिम्बॉल फाइल (फंक्शनांची नावं आणि पत्ते असलेली) पुन्हा चढवायची, की गाडी रुळावर. मी त्याची चार ओळींची स्क्रिप्ट करून ठेवली आहे.

कन्सोल सुरू होण्याच्या आधीच बूटलोडर मेला तर? बोर्डावर अशा वेळी एलईडी लावून अंदाज बांधत बसायचो. इथे लहान डी पर्यायाला इंटरप्टचा लॉग मागितला की प्रत्येक एक्सेप्शन, म्हणजे प्रोसेसरला अडवणारी घटना, नोंदलं जातं: कुठल्या प्रकारचं, कुठल्या इन्स्ट्रक्शनवर, कुठला पत्ता वाचताना. 'डेटा अबॉर्ट' अशी ओळ आणि पुढे पत्ता शून्याच्या जवळचा दिसला, की नल पॉइंटर हे उघडच. ही एकच सोय माझ्या हिशेबात सगळ्या तीन आठवड्यांचा खर्च वसूल करते.

रात्रभर चालणाऱ्या टेस्ट ही दुसरी कमाई. आमच्या अपडेटमध्ये दोन स्लॉट आहेत, एकात जुनी आवृत्ती, दुसऱ्यात नवी. नवा स्लॉट ठरावीक वेळा बूट झाला नाही की बूटकाउंट हा प्रयत्न मोजणारा काउंटर मर्यादा ओलांडतो आणि जुन्या स्लॉटवर परत जायचं. मधेच वीज गेली तर? बोर्डावर हे मी प्लग काढून, घालून, कंटाळा येईपर्यंत, म्हणजे तीस-चाळीस वेळा तपासायचो. आता स्क्रिप्ट अपडेट सुरू करते, मधल्याच कुठल्या तरी क्षणी क्यूएमूची प्रोसेस ठार मारते, परत चालवते आणि बूट झालं का बघते. पहिल्याच रात्री १,४०० फेऱ्या झाल्या आणि त्यातल्या तीन अडकल्या. कारण माझंच: बूट स्क्रिप्ट एन्व्हायर्नमेंट (यू-बूटची फ्लॅशमध्ये ठेवलेली सेटिंग्ज) दोनदा जतन करत होती, आधी स्लॉट बदलून आणि मग काउंटर शून्य करून. दोहोंच्या मधे मेलं की नवा स्लॉट, पण काउंटर जुना आणि भरलेला. दोन्ही बदल एकाच जतनात आणले. हाताने प्लग काढून हा क्षण मला वर्षभरात सापडला नसता.

पण याच टेस्टवर मी जरा जास्त विसंबलो. क्यूएमूच्या फ्लॅशमध्ये ब्लॉक पुसला की लगेच पुसला जातो. खरी नॉर फ्लॅश पुसायला वेळ घेते आणि वीज त्या वेळातच जाऊ शकते. मग ब्लॉक धड पुसलेला नाही, धड भरलेला नाही. ती अवस्था इथे येतच नाही. म्हणजे ही टेस्ट माझ्या स्क्रिप्टचं तर्कशास्त्र तपासते, फ्लॅशचं वागणं तपासत नाही.

हाच धागा पुढे नेतो, कारण आठ महिन्यांत माझी मुख्य तक्रार हीच झाली आहे. क्यूएमू फार लाड करतं. खरं हार्डवेअर जिथे थोबाडीत मारतं, तिथे हे पोराच्या चुका पोटात घालतं.

रॅमचं घ्या. क्यूएमूची रॅम सुरू होते तेव्हा शून्यांनी भरलेली असते. माझ्या एका स्ट्रक्चरमधला एक फ्लॅग मी कधी शून्य केलाच नव्हता. क्यूएमूवर तो नेहमी शून्य, बोर्डावर मनाला येईल ते. यावर उपाय आहे: रॅमच्या मागे एक फाइल द्यायची आणि ती आधीच ए५ ए५ अशा कचऱ्याने भरून ठेवायची. हे केल्यावर आणखी दोन तसेच बग त्याच दिवशी वर आले.

कॅशवर मात्र माझ्याकडे उपाय नाही. क्यूएमूचं भाषांतर-इंजिन डेटा कॅशची नक्कल करतच नाही, त्यामुळे डीएमएनंतर (उपकरणाने प्रोसेसरला वगळून थेट रॅममध्ये लिहिल्यावर) कॅशमधली जुनी प्रत रद्द, म्हणजे इनव्हॅलिडेट, करायला विसरलात तरी इथे सगळं गोड. माझ्या ड्रायव्हरमधून वाचलेल्या इमेजचा चेकसम बोर्डावर दर चार-पाच बूटमागे एकदा चुकायचा. बफर ६४ बाइट्सच्या कॅश लाइनवर नीट बसवलेला नव्हता, शेजारच्या व्हेरिएबलमुळे लाइन परत लिहिली जायची. क्यूएमूवर हाच कोड हजारो वेळा बिनचूक चालला होता. तो आकडा मी मीटिंगमध्ये अभिमानाने सांगितला होता, हे वेगळं.

खऱ्या बोर्डांची नक्कल करणारी मशीनही आहेत, आणि ती वापरताना आणखी डोळ्यांत तेल घालावं लागतं. ज्या उपकरणांचं मॉडेल कुणी लिहिलेलं नाही, त्यांचे रजिस्टर वाचले की बहुधा शून्य मिळतं. पीएलएल, म्हणजे क्लॉक बनवणारं सर्किट, स्थिर झाल्याचा बिट १ व्हायची वाट बघणारा कोड जन्मभर वाट बघतो. उलट 'बिझी' बिट ० व्हायची वाट बघणारा कोड क्षणात पुढे जातो, आणि ते जास्त वाईट, कारण लूपमध्ये टाइमआउट नाही हे तुम्हाला कळतच नाही. न लिहिलेल्या उपकरणांचा लॉग चालू ठेवलात तर निदान कुठे खोटं बोललं जातंय ते दिसतं. डीडीआर ट्रेनिंग (रॅमची वेळ जुळवणं), पिनमक्स (कुठल्या पिनला कुठलं काम ते ठरवणं), क्लॉकची वेळापत्रकं यांच्यासाठी इकडे येऊच नका. इथे रॅम पहिल्या क्षणापासून तयार असते.

यू-बूटचा सँडबॉक्स बिल्डही मी अधूनमधून वापरतो. तो एम्युलेटर नाही, यू-बूट साध्या लिनक्स प्रोग्रामसारखा चालतो. नवी कमांड लिहायची किंवा स्ट्रिंग पार्स करायची असेल तर तोच बरा आणि जास्त झटपट. त्याच्या पायथॉन टेस्ट क्यूएमूवरही चालवता येतात. त्या मी कमिटगणिक चालवतो. आणि 'आधी चालायचं, आता नाही' अशा बगसाठी गिटचं बायसेक्ट (दर वेळी निम्मे कमिट वगळत दोषी शोधणारं) क्यूएमूला जोडून ठेवलंय. ४,०९६ कमिटांमधून दोषी कमिट बारा बिल्ड-बूटमध्ये मिळतो, तोही मी चहाला गेलेलो असताना. बोर्डावर बारा वेळा कार्ड काढायची माझी तयारी कधीच नसायची.

एखाद्याने विचारलं तर मी लावायला सांगेन, पण पहिले दोन आठवडे कुरकुर होणार हे धरून चाला. मर्ज करण्याआधी ५० कोल्ड बूट (पॉवर पूर्ण बंद करून चालू) बोर्डावर, हा नियम चेकसमच्या प्रकरणानंतर टीमने केला आणि मी निमूट मान्य केला. काल संध्याकाळी एकतिसाव्या बूटला बोर्ड थांबला, कन्सोलवर अर्धी ओळ छापून. क्यूएमूवर तीच इमेज रात्रभर चालवली, एकदाही अडकली नाही. आज प्रोब मागून आणलाय.