तेरा हजार तीनशे रुपयांचा भोपळा

आकडे आधी सांगते, कारण नातेवाइकांत फिरणाऱ्या गोष्टीत ते पन्नास हजारांवर जाऊन पोचलेत. पहिले ६४० रुपये, मग ३,९००, मग ६,५०० आणि शेवटी २,२६०. एकूण १३,३००. सगळे यूपीआयनं, सगळे माझ्याच खात्यातून आणि सगळे भोपळ्याच्या बियांपायी. हसा. घरचे हसून झालेत.

मी नवखी नाही. घरामागच्या तीन गुंठ्यांत लग्न झाल्यापासून डांगर, म्हणजे लाल भोपळा, लावते. माहेरचं चपटं, खोल फाकांचं वाण आहे. त्याचे घारगे करताना गूळ कमी लागतो. मावशीकडून आणलेलं लांबट आहे. बी राखेत घोळून डब्यात ठेवते, मागेल त्याला देते. निळ्या स्ट्रॉबेरीचं आणि सप्तरंगी गुलाबाचं बी विकणाऱ्यांना मी कधी भीक घातली नाही. पण व्हॉट्सअॅप गटावर बी विकणाऱ्या या माणसानं सांगितलेले वाण खरे होते! ऑस्ट्रेलियाचा राखाडी-निळा जाराडेल, इटलीतल्या कियोज्जाचा गाठीगाठींचा मरीना, फ्रान्सचा मस्की द प्रोव्हान्स, पागोट्यासारखा दिसणारा टर्क्स टर्बन, हबर्ड. हे सगळे जगात आहेत, लोक पिढ्यानपिढ्या लावतात. खोटं होतं ते फक्त पाकिटातलं बी. त्यामुळे मला भोळी म्हणणाऱ्यांनी आधी या पाचांपैकी दोन नावं तरी ऐकली होती का ते सांगावं.

पहिले ६४० चार देशी वाणांचे. पाकिटं वेळेवर आली, बी आठवड्यात उगवलं. भोपळ्याचं ताजं बी कुणाचंही उगवतं, त्यात विकणाऱ्याचं कर्तृत्व काही नसतं, पण मी कौतुकानं रोपांचा फोटो त्याच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला. ‘ताई, तुमच्यासारखे जाणकार फार थोडे.’ झालं. ३,९०० रुपयांचा ‘संग्राहक संच’ मागवला, चौदा परदेशी वाण.

आता ती वेळ, जी आठवली की अजून कानशिलं तापतात. चौदाही पाकिटं स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओतली होती, प्रत्येक वाण वेगळ्या वाटीत. बी हाताळून बोटं गुलाबी झाली. सासरे चहा घेत होते. म्हणाले, ‘औषध लावलेलं दिसतंय.’ मी म्हटलं, ‘बीजप्रक्रिया केलीय बाबा, चांगलंच आहे.’ ज्या बाईनं आयुष्यभर बी राखेत ठेवलं, तिनं हे म्हणावं! तो गुलाबी रंग म्हणजे कंपनीच्या बियाण्याला थायरमसारखं बुरशीनाशक लावतात, त्याबरोबरचा रंग. पाकिटं भरण्याआधी ते बी धुतलं असणार, बियांच्या कडांना तेवढा राहिला. परसबागेत पारंपरिक बी राखणारा माणूस असलं औषध कशाला लावेल?

आणि वाट्या. चौदा वाट्यांत एकच बी! हबर्ड, जाराडेल, मरीना, टर्क्स टर्बन हे भोपळ्याच्या मॅक्सिमा जातीचे. त्यांची बी जाड आणि फुगीर असते. मस्की द प्रोव्हान्स आणि बटरनट हे मोश्चाटा जातीचे, तीच आपल्या डांगराची जात. त्यांच्या बीची कड गडद आणि खरबरीत असते. माझ्यासमोर चौदाच्या चौदा वाट्यांत खरबरीत कडेचं बी होतं. हे मला माहीत होतं. मी स्वतः लोकांना हे शिकवलंय. त्या दिवशी दुपारी लग्नाला जायचं होतं, घाई होती, लेबलं इतकी सुबक छापलेली होती. डोळ्यांना जे हवं असतं तेच दिसतं म्हणा.

(सासूबाईंनी त्यातल्या उरलेल्या बिया भाजायला काढल्या होत्या. वेळेवर हातातून घेतल्या. रंग लागलेलं बी खायचं नाही, कोंबड्यांनाही घालायचं नाही.)

पुढचे ६,५०० सगळ्यात जास्त झोंबतात. तो म्हणाला, तुमच्या माहेरच्या डांगराची ‘शेतकरी वाण’ म्हणून सरकारी नोंदणी करून देतो, मग तुमचं बी आम्हीच ४० रुपयांना एक या भावानं घेऊ. नोंदणी हा प्रकार खरा आहे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ चा आहे, त्याखाली शेतकऱ्याला आपलं वाण नोंदवता येतं. पण शेतकरी वाणाच्या नोंदणीला शेतकऱ्याकडून फीच घेत नाहीत! शून्य! हे मला पैसे गेल्यावर कळलं. वर नमुना म्हणून आईच्या डांगराच्या पन्नास बिया स्पीड पोस्टानं पाठवल्या. पैसे गेले ते गेले, त्या बिया कुठल्या पाकिटात कुठल्या नावानं विकल्या जातायत देव जाणे. माझ्याकडे मूठभर उरल्यात. ज्या दिवशी कुणी तुमच्या घरचं बी ‘नमुना’ म्हणून मागेल, त्या दिवशी फोन ठेवा.

२,२६० कस्टमचे. ‘ऑस्ट्रेलियाचं मूळ बी विमानतळावर अडकलंय.’ परदेशातून बी आणायचं तर आयात परवाना आणि तिकडचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, वैयक्तिक टपालात चिमूटभर बी टाकून चालत नाही. कुणी कस्टमच्या नावानं स्वतःच्या यूपीआयवर पैसे मागितले तर तिथंच थांबा. मी थांबले नाही, कारण तोवर ११,०४० अडकले होते आणि ते सुटतील असं वाटत होतं.

जूनमध्ये लावलेले वेल गणपतीपर्यंत मांडवावर पसरले. सगळ्या पानांवर तेच पांढरे ठिपके. सगळ्या वेलांना तेच बाजारी, गोल, हिरवट-पिवळं फळ, पाव-अर्ध्या किलोचाही फरक नाही. संकरित, दुसरं काय. पहिला भोपळा रीतीप्रमाणे सासऱ्यांच्या हातून फोडून घेतला. त्यांनी काही म्हटलं नाही, तेच जास्त लागलं.

त्याला फोटो पाठवले तर उत्तर, ‘ताई, तुमच्याकडे मधमाश्यांनी क्रॉस केलं असणार.’ हे उत्तर पाठ करून ठेवा, कारण प्रत्येक भामटा हेच देतो. दुसऱ्या वेलाचे पराग पडले तरी या वर्षीच्या फळाचा आकार, रंग, साल बदलत नाही. फळ आईच्या वेलाचंच असतं. भेसळ होते ती आतल्या बियांत, ती दिसते पुढच्या हंगामात. त्यानंतर नंबर बंद.

मग सुरू झाली सरकारी परिक्रमा. पोलीस ठाण्यात आधी विचारलं, ‘भोपळ्याचं बी? किती एकर?’ एकर नाही म्हटल्यावर पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, फसवणूक, त्यात एकर कुठं लिहिलाय? साहेब म्हणाले, बियाण्याचा विषय कृषी विभागाचा. कृषी विभागात म्हणाले, पक्कं बिल? लॉट नंबर? परवानाधारक विक्रेता? हे सगळं असतं तर मी इथं कशाला आले असते? पंचनामा शेतात होतो, परसबागेत नाही. सातबारा आणा. घराच्या जागेचा सातबारा कुठून आणू? आणि मग एका साहेबांनी फोटो पाहून तोंड उघडलं, ‘मॅडम, मधमाश्यांनी क्रॉस केलं असेल.’ कृषी पदवीधर माणूस! मी त्यांना फळ आणि बी यांतला फरक समजावून सांगत होते आणि ते घड्याळाकडे बघत होते. बँकेचं उत्तर, पिन तुम्हीच टाकलात. ग्राहक हेल्पलाइनवर विक्रेत्याचा पत्ता मागितला, पाकिटावरचा पत्ता दिला, तिथं तसं दुकानच नाही. पोलिसांनी शेवटी अर्ज घेतला, पोच दिली, पुढे शांतता.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, तासाभरात. माझे पैसे जाऊन हंगाम उलटला होता. बियाण्याच्या फसवणुकीत हाच घोळ आहे, चोरी उघडकीला येते तेव्हा वेलाला फळ लागलेलं असतं. म्हणून पाकीट फोडतानाच व्हिडिओ करा. रंग बघा, कड बघा. मूठभर बी पेरू नका, ठेवून द्या, पुरावा तोच.

आणि बी घेण्याआधी एकच विचारा, ‘वाण शुद्ध कसं राखता?’ जो खरंच राखतो तो संध्याकाळी मिटलेल्या नर-मादी कळ्या दोऱ्यानं बांधण्यापासून, सकाळी लवकर हातानं पराग लावण्यापर्यंत सांगत बसेल, तुम्ही कंटाळाल. याला विचारलं होतं मी. उत्तर आलं होतं, ‘१०० टक्के शुद्ध, १०० टक्के उगवण.’

परवा भाचीनं एक नवा गट दाखवला. नाव वेगळं, नंबर वेगळा, संच तोच, किंमत आता ४,४००. खाली ‘ग्राहकांचे अनुभव’ म्हणून माझ्याच रोपांचा फोटो आणि माझाच मजकूर, ‘सगळं बी उगवलं, खूप आभार दादा!’ मी तिथं खरं लिहिलं, दोन मिनिटांत मला काढून टाकलं. तो फोटो ओळखायची खूण म्हणजे रोपांच्या मागे निळा पत्रा आहे आणि डाव्या कोपऱ्यात फुटकी बादली. दिसला तर स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारखेसकट, माझ्या अर्जाला जोडायचा आहे.