घरातच सापडले 'किशोर'चे जुने अंक, मुलांसाठी एकदम बेस्ट

मुलांना मराठीत वाचायला काय देऊ असं कोणी विचारलं की मी हल्ली सरळ 'किशोर'चे जुने अंक सांगते, आणि बाहेर शोधायच्या आधी घरातलं कपाट नीट बघा असंही सांगते. आमच्याकडे बाबांच्या पुस्तकांमागे दुसऱ्या रांगेत कापडी पुठ्ठ्याचे जाड गठ्ठे कित्येक वर्षं पडून होते, सगळे त्यांना हिशोबाच्या वह्याच समजायचे, उघडले तर सत्तरच्या दशकातले किशोर, वर्षवार बाइंडिंग केलेले! इतका आनंद झाला ना.

किशोर म्हणजे बालभारतीचं मासिक, आपली शाळेची पुस्तकं काढतात तेच. १९७१ च्या दिवाळीत सुरू झालं, वसंत शिरवाडकर पहिले संपादक. गोष्टी, कविता, विज्ञान, कोडी सगळं आहे, पण मला सगळ्यात आवडली ती भाषा, मुलांना काही कळत नाही असं धरून लिहिलेलंच नाही. लेक मध्येच अडतो, विचारतो आणि पुढचं स्वतः वाचतो, झोपायची वेळ झाली तरी अंक सोडत नाही.

एका अंकातलं शब्दकोडं आत्याने शाईच्या पेनाने सोडवलंय, इतकं खोडलंय की एका चौकोनात कागदच फाटलाय, आणि बाजूला आजोबांच्या बारीक अक्षरात बरोबर उत्तर. आत्याला फोटो पाठवला तर लगेच फोन, "अगं, पोस्टमन आला की मी आणि तुझा बाबा भांडायचो, पहिला कोण वाचणार म्हणून!" हे कुठल्या दुकानात मिळणार सांगा.

पानं पिवळी पडलीत, पिना गंजल्यात, बाइंडिंगमध्ये आतल्या बाजूची अक्षरं दबलीत. जोर लावून उघडू नका, शिवण सुटते. अशा पानांसाठी किशोरच्या वेबसाइटवर जा, बालभारतीने १९७१ पासूनचे जुने अंक स्कॅन करून तिथे फुकट वाचायला ठेवलेत, आमच्या गठ्ठ्यात नसलेला एक दिवाळी अंक मला तिथेच मिळाला. तरी माझं मत विचाराल तर मुलाच्या हातात कागदच द्या, मोबाईल दिला की तो पाच मिनिटांत दुसरीकडे जातो. नवीन अंकही दर महिन्याला निघतो, आम्ही वर्गणी भरली.

आणि हो, गठ्ठे सापडले तर आधी सावलीत वारा लागू द्या, कसर झटका, मग कपाटात वेखंडाची पुरचुंडी ठेवा.