फार्मिंग सिम्युलेटर २२, आठ महिन्यांनंतर: नांगर कमी फिरवा

काल सीड ड्रिलचं, म्हणजे पेरणीच्या मशीनचं, रिपेअर बिल बघितलं, आधी यायचं त्याच्या निम्मंही नाही, म्हणून लिहायला बसलो. शेतीचा हा व्हिडिओ गेम सगळ्यांना माहितीये, ग्राफिक्स वगैरे सोडून देतो, मला दगडांबद्दल बोलायचंय.

याच मालिकेतला आधीचा गेम, फार्मिंग सिम्युलेटर १९, खेळून आलेलो, दगड हा प्रकार तेव्हा नव्हताच, त्यामुळे कापणी झाली की नांगर जोडायचा हीच सवय. इथे नांगर फिरवला की दगड वर, मग दगड वेचायचं मशीन विकत घ्या, ते ओढायला ट्रॅक्टर अडकवून ठेवा, हेल्परचा (गेममधल्या मजुराचा) पगार, डिझेल, आणि एवढं करून पेरणीचा महिना हातातून निसटायचा. एकदा वैतागून न वेचताच कल्टिव्हेटर (माती भुसभुशीत करणारं अवजार) आणि ड्रिल घातलं, तर दोन्हीची झीज अशी भराभर वाढली की पिकाचा नफा रिपेअरमध्येच गेला. त्या दिवशी ठरवलेलं की सेटिंगमध्ये जाऊन दगड बंदच करायचे.

आता सांगतो, बंद करू नका. चूक माझ्या नांगराची होती. गहू, बार्ली, कॅनोलानंतर नांगरट लागतच नाही, शेताच्या माहितीत लिहून येतं, मी चार महिने वाचलंच नव्हतं. मका, बटाटा, शुगर बीटनंतर मात्र लागते आणि टाळली तर १५ टक्के उत्पन्न जातं, तिथे काटकसर नको. बाकी वेळी उथळ चालणारा डिस्क हॅरो, त्याने दगड वर येत नाहीत. नाहीतर थेट पेरणीचं ड्रिल घ्या, महाग आहे पण मशागतीची अख्खी फेरी वाचते.

मल्चर (कापणीनंतरचे धसकट बारीक करणारा) आणि रोलर (पेरणीनंतर माती दाबणारा) यांचे उत्पन्नात अडीच-अडीच टक्केच. लहान शेतावर मी दोन्ही सोडून देतो. चुना तीन कापण्यांतून एकदा, तो चुकवू नका, त्याचेही १५ टक्के आहेत. सगळ्यात आवडलं ते तेलमुळा पेरून हिरवा असतानाच कल्टिव्हेटरने गाडणं. खताचा एक हात फुकट! तेही कल्टिव्हेटरच्या एकाच फेरीत, मला हे आधी कळायला हवं होतं राव.

वेचणीचं मशीन आज विकून टाकलं. बटाटा घेईन त्या वर्षी भाड्याने आणेन.