एक्सस्टार्टवर अडकलेली रावेरची शाखा आणि माझी सीसीएनपीची बॅच

मी जळगावात एका पतसंस्थेच्या १४ शाखांचं नेटवर्क सांभाळते. गेल्या वर्षी केळीच्या हंगामात रावेरची शाखा सकाळी साडेनऊपासून बंद पडली. शेतकरी पैसे काढायला रांगेत उभे आणि इकडे राउटरवर ओएसपीएफचा (राउटरांनी एकमेकांना वाटा कळवायची पद्धत) नेबर, म्हणजे शेजारचा राउटर, एक्सस्टार्टवर, जोडणीच्या अर्धवट टप्प्यावर अडकलेला. पिंग जात होता, ‘मी आहे’ सांगणारे हॅलो पॅकेट जात होते, पण शेजारी ‘फुल’ होईना, म्हणजे जोडणी पूर्ण होईना. दोन तासांनी कळलं की सेवा पुरवणाऱ्यांनी रात्री लाइन बदलली होती आणि दोन्ही टोकांचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) वेगळा झाला होता. हॅलो लहान असतात, म्हणून त्यांना अडचण नव्हती. डेटाबेसच्या पॅकेटमध्ये मात्र एमटीयूचा आकडा लिहिलेला असतो. तो आपल्यापेक्षा मोठा दिसला की राउटर ते पॅकेट घेतच नाही.

त्या दिवशी सीसीएनपी, म्हणजे सिस्को कंपनीचं नेटवर्किंगचं वरच्या पातळीचं प्रमाणपत्र, करायचं नक्की केलं. माझ्या सीसीएनएची (त्याखालच्या प्रमाणपत्राची) तीन वर्षांची मुदतही संपत आली होती, आणि एन्कोर पास झालं की ती आपोआप वाढते. एन्कोर ही १२० मिनिटांची मुख्य परीक्षा, फी ४०० डॉलर आणि वर कर. त्यानंतर आवडीच्या विषयाची दुसरी, ३०० डॉलरची. दोन्ही झाल्या की सीसीएनपी. अमळनेरला आईला आकडा सांगितला, तर ती म्हणाली, “इतला पैसा कसाले व माय?” तिचं बरोबर होतं. म्हणून क्लासचे पैसे भरण्याआधी मी तीन ठिकाणी डेमो लेक्चर पाहिलं आणि जिथे विचारता आलं तिथे तोच रावेरचा प्रश्न विचारला : नेबर एक्सस्टार्टवर अडकलाय, काय बघाल?

पुण्यातल्या एका मोठ्या क्लासमध्ये उत्तर आलं, “मॅडम, हे परीक्षेला येत नाही.” फी ५५ हजार, राहणं-जेवण वेगळं, आणि वर ‘१०० टक्के पास’ची हमी. हमी कशाच्या जोरावर, तर परीक्षेतल्या प्रश्नांची फाइल पाठ करायची. परीक्षेला बसताना आपण गोपनीयतेचा करार मान्य करतो. असे प्रश्न वापरले तर सिस्को प्रमाणपत्र रद्द करू शकते. पण मला त्याहून मोठी भीती वेगळीच वाटली. फाइल पाठ करून आलेल्या माणसाच्या हाती उद्या रावेरची शाखा दिली तर?

दुसरा पर्याय रेकॉर्ड केलेल्या कोर्सचा होता. अडीच हजारात मिळाला, समजावणं सुरेख. पण प्रश्न विचारायला समोर कुणी नाही. उजळणीला मी तो आजही लावते.

तिसरी ऑनलाइन बॅच, आठच जणांची, शनिवार-रविवार सकाळी सात ते दहा. फी २८ हजार. माझा प्रश्न ऐकून सरांनी उत्तर दिलं नाही, उलट विचारलं, “दोन्ही टोकांच्या इंटरफेसचं आउटपुट आहे का तुमच्याकडे?” माझ्या मोबाइलमध्ये त्या दिवशीचा फोटो होता, तो दाखवला. त्यांनी एमटीयूवर बोट ठेवलं आणि पुढे सांगितलं की ‘एमटीयू-इग्नोर’ लावून नेबर वर येईल, पण मोठे पॅकेट वाटेत गळतच राहतील, तेव्हा दोन्ही आकडे सारखे करणं हाच खरा इलाज. मी त्याच दुपारी पैसे भरले.

साडेचार महिने बॅच चालली. सरांची पद्धत अशी की शुक्रवारी रात्री मोडलेली लॅब (संगणकावरचं सरावाचं नेटवर्क) पाठवायची आणि रविवारपर्यंत आपण ती उभी करायची. कुठे ओएसपीएफच्या एरियाचा (नेटवर्कच्या भागाचा) प्रकार चुकलेला, कुठे बीजीपी या दुसऱ्या राउटिंग पद्धतीत शेजाऱ्याचा एएस नंबर (त्याच्या नेटवर्कचा ओळख क्रमांक) चुकीचा. नुसतं दुरुस्त करून चालत नसे. कोणती कमांड कोणत्या शंकेने दिली, हे आठ जणांसमोर सांगावं लागे. मला पहिले तीन आठवडे फार जड गेले. आता शाखेचा फोन आला की मी त्याच क्रमाने विचार करते.

लॅबबद्दल आधीच माहिती करून घ्या. सीसीएनएला पॅकेट ट्रेसर हे सिस्कोचं सरावाचं सॉफ्टवेअर पुरतं, इथे पुरत नाही. ईव्ह-एनजी हे लॅबचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण त्यात सिस्कोच्या इमेज (राउटरच्या सॉफ्टवेअरच्या फाइल) येत नाहीत. सिस्कोच्या स्वतःच्या मॉडेलिंग लॅबची मोफत आवृत्ती पाच नोडपर्यंत (राउटर, स्विच वगैरे) चालते, सुरुवातीला तेवढी बास. लॅपटॉपला मात्र १६ जीबी रॅम हवीच. कॅटॅलिस्ट ८०००व्ही या सिस्कोच्या सॉफ्टवेअर राउटरची एकेक प्रत ४ जीबी खाते. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात, लाइट जाते तेव्हा, घरच्या इंटरनेटच्या राउटरला छोटा यूपीएस लावल्याशिवाय सकाळची बॅच पूर्ण होत नाही.

बॅचची उणीवही सांगते. एन्कोरमध्ये ऑटोमेशनला (प्रोग्रॅम लिहून नेटवर्क चालवण्याला) १५ टक्के वजन आहे. पायथॉन, रेस्टकॉन्फ सगळं त्यातच. सरांनी ते दोन सत्रांत आटोपलं. वायरलेसही घाईतच झालं. सरांचा जीव राउटिंगमध्ये, ते दिसतं. त्या भागांसाठी मी रात्री जागून रेकॉर्ड केलेला कोर्स पाहिला. त्यामुळे कुठल्याही क्लासला अभ्यासक्रमातले टक्के समोर ठेवून विचारा, कशाला किती तास देणार?

परीक्षा मी पुण्याला जाऊन दिली, पहिल्या वेळी पास झाले. आता त्याच सरांकडे एनआर्सीची, म्हणजे राउटिंगच्या दुसऱ्या परीक्षेची, तयारी चालू आहे. या शुक्रवारी डीएमव्हीपीएनची (शाखांना इंटरनेटवरून टनेलने, म्हणजे खाजगी वाटेने, जोडायच्या पद्धतीची) लॅब आली आहे. टनेल वर येतो, ईआयजीआरपी या राउटिंग पद्धतीचा नेबर जुळतो आणि काही सेकंदांत दोन्ही पडतात. टनेलच्या पलीकडचा पत्ता टनेलमधूनच शिकला जात असावा, असा माझा अंदाज आहे. जेवणं उरकली की राउटिंग टेबल बघते.